ॲसिड टेस्ट: कसाच्या दगडावरून मथळ्यापर्यंत

मराठी मथळ्यांत 'ॲसिड टेस्ट' आता इतकी रुळली आहे की तिला अवतरणचिन्हेही लागत नाहीत. पोटनिवडणूक ही सरकारची ॲसिड टेस्ट असते, परदेश दौरा ही कर्णधाराची आणि पहिला मोठा पाऊस ही महापालिकेच्या नालेसफाईची. अर्थ सगळ्यांना कळतो: जिच्यापुढे लबाडी टिकत नाही अशी शेवटची, खणखणीत परीक्षा. हा अर्थ चूक नाही. पण ज्या कामातून हा शब्दप्रयोग आला ते काम जवळून पाहिले, तर मूळची परीक्षा शेवटचीही नव्हती आणि तितकी खणखणीतही नव्हती. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना, दागिना न वितळवता, दोन-चार मिनिटांत उरकायची ती चाळणी होती. शेवटची परीक्षा वेगळीच. तिचे नाव इंग्रजीत आजही रोज घेतले जाते, फक्त ते सोन्याच्या परीक्षेचे नाव आहे हे कोणाच्या लक्षात नसते. त्याकडे पुढे येऊच.

आधी 'ॲसिड'. लॅटिनमधल्या 'ॲसिडस'चा अर्थ आंबट, आणि आपल्या 'आम्ला'च्या मुळाशी असलेल्या 'अम्ल'चाही अर्थ आंबटच. दोन्हीकडे नाव जिभेने ठेवले आहे. सोन्याच्या कामातले ॲसिड मात्र जिभेच्या वाटेला जाणारे नव्हे. ते नायट्रिक ॲसिड. युरोपातले जुने किमयागार त्याला 'ॲक्वा फॉर्टिस' म्हणजे जोरकस पाणी म्हणत. फारसीतून आपल्याकडे आलेले 'तेजाब' म्हणजे तीक्ष्ण पाणी. सोरा, तुरटी आणि हिराकस एकत्र तापवून त्याची वाफ धरायची, ही ते करण्याची रीत युरोपात साधारण १३००च्या सुमाराच्या ग्रंथांत सापडते. कसाचा दगड त्याहून पुष्कळ जुना. म्हणजे दगड आधी, ॲसिड मागाहून. हा क्रम ध्यानात ठेवला की पुढचे बरेच उलगडते.

दगडावर काय होते

कसाचा दगड काळा, टणक आणि बारीक कणांचा असावा लागतो. काळा अशासाठी की त्यावर धातूची पिवळी रेघ उठून दिसावी. टणक अशासाठी की सोने झिजावे, दगड नाही. आणि तिसरी अट सर्वांत महत्त्वाची: ॲसिडने त्याला काहीही होता कामा नये. चुनखडीच्या जातीचा काळा दगड दिसायला तसाच असतो, पण ॲसिड पडताच फसफसतो आणि परीक्षा तिथेच संपते. म्हणून सिलिकायुक्त काळा दगड वापरतात. युरोपात त्याला लिडियाचा दगड म्हणत. लिडिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानाचा पश्चिमेकडचा प्रदेश, जिथे पाश्चात्त्य जगातली सर्वांत जुनी नाणी पडली.

दागिन्याची कुठली जागा घासायची, यात निम्मी परीक्षा असते. वर मुलामा असेल तर पहिली रेघ मुलाम्याचीच येणार. त्यामुळे अंगठीच्या आतल्या बाजूला किंवा नजरेआड जागी बारीक कानशीने हलकी खाच पाडतात आणि ती खाच दगडावर टेकवतात. झाळकाम केलेला सांधा टाळायचा. झाळणीची धातू लवकर वितळावी म्हणून मुद्दाम हलक्या कसाची ठेवलेली असते. तिथली रेघ काढली तर चांगला दागिना हिणकस ठरतो. साखळीत असे सांधे कडीगणिक असतात, म्हणून साखळीचा कस एकाच जागी काढून चालत नाही.

रेघ साधारण दोन सेंटिमीटर लांब आणि तीन-चार मिलिमीटर रुंद, एकसारख्या दाबाने, सलग भरलेली. लगेच तिच्या शेजारी कस माहीत असलेल्या सळयांच्या रेघा काढायच्या. या सळयांच्या टोकाला ठरावीक शुद्धतेच्या सोन्याचा तुकडा बसवलेला असतो: १४ कॅरेट म्हणजे हजारात ५८५, १८ म्हणजे ७५०, २२ म्हणजे ९१६. मग काचेच्या काडीने ॲसिडचा एकच आडवा ओघळ सगळ्या रेघांवरून न्यायचा, म्हणजे सगळ्यांवर ॲसिड एकाच वेळी पडते. पंधरा ते तीस सेकंद थांबायचे, टिपकागदाने टिपायचे (पुसायचे नाही) आणि पाहायचे: कोणती रेघ गेली, कोणती काळवंडली, कोणती तशीच राहिली, आणि आपली रेघ यांतल्या कोणाच्या जवळ बसते.

शेवटचे वाक्य हे या परीक्षेचे सार आहे. ॲसिड स्वतः काही निकाल देत नाही. निकाल देते शेजारची रेघ. ओळखीच्या सोन्याची रेघ बाजूला नसेल तर बाटलीतल्या ॲसिडला फारतर एवढेच सांगता येते की हे पितळ आहे.

पितळ मात्र ते झटकन सांगते. ॲसिड लागताच रेघ हिरवट होऊन उकळते आणि काळा दगड उघडा पडतो. थेंब थेट वस्तूवर टाकला तर हिरवा-निळा द्रव, बुडबुडे आणि तपकिरी वाफ. ती वाफ नायट्रोजन डायऑक्साइडची, फुप्फुसांना घातक. चांदीची ओळख वेगळी: नायट्रिकमध्ये किंचित मीठ किंवा हायड्रोक्लोरिक असले तर दुधी साका येतो, तो सिल्व्हर क्लोराइडचा. चांदीच्या परीक्षेसाठी नायट्रिक ॲसिडात पोटॅशियम डायक्रोमेट घालून केलेले द्रावण वापरतात. चांगल्या चांदीवर ते रक्तासारखे लाल होते.

कुठे चुकते? यादी मोठी आहे, थोड्याच गोष्टी सांगतो. रेघ जाड आली की ती विरघळायला वेळ घेते आणि कस आहे त्यापेक्षा चढा दिसतो, पातळ आली की उतरता. दगडावर बोटांचा तेलकटपणा असला तर ॲसिड थेंब होऊन बसते, पसरत नाही. नायट्रिक ॲसिड उजेडात पिवळे पडत जाते आणि त्याचा जोर उतरतो, म्हणून गडद काचेची बाटली आणि काचेचेच बूच. सळईतले सोने तांब्याच्या मिश्रणाचे आणि दागिना चांदीच्या मिश्रणाचा असेल, तर कस सारखा असूनही पहिली रेघ लालसर, दुसरी फिकट हिरवट दिसते आणि नजर फसते. पांढऱ्या सोन्यात निकेल किंवा पॅलेडियम असते, त्याला पिवळ्या सळया उपयोगाच्या नाहीत. आणि आत टंगस्टन भरलेली लगड दगडाला कळणारच नाही, कारण दगड फक्त वरची कातडी पाहतो. पाण्यात बुडवून घनता काढली तरी ती सुटते: सोन्याची घनता १९.३, टंगस्टनची १९.२५.

सरावलेल्या हाताला या पद्धतीने साधारण १ ते २ टक्क्यांपर्यंतचा फरक कळतो. गहाणवटीसाठी ते पुरे. किलोचा व्यवहार असेल तर नाही.

आम्ल म्हणून नव्हे

आता रसायनशास्त्राची एक गंमत. 'ॲसिड टेस्ट'मध्ये ॲसिडचे आम्लपण फारसे कामाला येतच नाही. हायड्रोक्लोरिक हेही तीव्र ॲसिड, पण ते तांब्याला नुसते भिजवते आणि सोन्याकडे तर पाहतही नाही. नायट्रिक तांबे खाते ते त्यातल्या नायट्रेटमुळे. नायट्रेट तांब्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेते, म्हणजे ऑक्सिडीकरण करते. ॲसिड हे त्या कामात सोबत लागते एवढेच. सोन्याचे इलेक्ट्रॉन नायट्रिकलाही सहज सुटत नाहीत, म्हणून शुद्ध सोने त्यात ठणठणीत राहते.

सोने विरघळवायचे तर दोघे एकत्र लागतात: एक भाग नायट्रिक, तीन भाग हायड्रोक्लोरिक. हे 'ॲक्वा रेजिया', राजाचे पाणी. नायट्रिक सोन्याचा एखादा अणू सैल करते आणि हायड्रोक्लोरिकमधले क्लोराइड त्याला लगेच पकडून परत चिकटू देत नाही. एकट्याने जे जमत नाही ते अशी वाटणी केल्यावर जमते. हे मिश्रण ठेवून देता येत नाही. त्यातून क्लोरीन निघून जातो आणि घट्ट बूच लावले तर बाटली फुटू शकते.

दगडावरच्या परीक्षेत १४ कॅरेटच्या वर नुसत्या नायट्रिकने भागत नाही, ते यामुळेच. तिथून पुढे त्यात थोडे थोडे हायड्रोक्लोरिक मिसळतात, आणि २२ कॅरेटच्या बाटलीत ते प्रमाण बरेच वाढलेले असते. इथेच या परीक्षेचा कच्चा दुवा आहे. २२ कॅरेटच्या रेघेला हात लावण्याइतके जहाल पाणी २४ कॅरेटच्या रेघेलाही चावते. वरच्या टोकाला दोन रेघांतला फरक इतका कमी उरतो की ॲसिडापेक्षा नजरच काम करते. महाराष्ट्रात लग्नाकार्याचे सोने बहुतांशी २२ कॅरेटचे. म्हणजे आपल्याकडे ज्या पट्ट्यात सर्वांत जास्त व्यवहार होतो, नेमक्या त्याच पट्ट्यात 'ॲसिड टेस्ट' सर्वांत दुबळी. खोटे पकडायला ती उत्तम, चांगल्या आणि अधिक चांगल्यातला फरक करायला ओढूनताणून. मथळे लिहिणारे तिला नेमके उलट्या कामाला जुंपतात.

खरी शेवटची परीक्षा, तिचे नाव टेस्ट

सोन्यात किती सोने आहे हे ठामपणे सांगायचे तर ते आगीतून काढावे लागते. दागिन्यातून पाव ग्रॅमच्या आसपास नमुना कापतात, तो अतिशय नेमका तोलतात, त्यात सोन्याच्या अडीच ते तीन पट चांदी घालतात आणि सगळे शिशाच्या पत्र्यात गुंडाळून हाडांच्या राखेच्या छोट्या सच्छिद्र मुशीत ठेवतात. हल्ली ही मूस मॅग्नेशियाचीही असते. भट्टी हजार अंश सेल्सिअसच्या वर. शिसे वितळते, हवेतला ऑक्सिजन घेते, जाताना तांबे, जस्त वगैरे हीण सोबत नेते, आणि हा सगळा पातळ झालेला ऑक्साइड मुशीच्या छिद्रांत शोषला जातो. शेवटी मुशीत एक चकचकीत मणी उरतो, फक्त सोने आणि चांदी.

तो मणी ठोकून, लाटून त्याची पट्टी करतात, पट्टी गुंडाळतात आणि नायट्रिक ॲसिडात दोनदा उकळतात, आधी सौम्य, मग कडक. चांदी विरघळते. उरते तपकिरी, ठिसूळ, सच्छिद्र गुंडाळी. ती धुऊन तापवली की पिवळी होते. तिचे वजन भागिले नमुन्याचे वजन, हा निकाल. यात हजारात एखाद्या भागाहूनही कमी फरक ओळखता येतो.

सोने तपासायला आधी मुद्दाम चांदी का मिसळायची? कारण मिश्रणात सोने जास्त असले तर सोन्याचे अणू चांदीला आडोसा देतात आणि ॲसिड आतपर्यंत पोचत नाही. सोने साधारण एक चतुर्थांश असले तर चांदी पूर्ण निघते आणि सोन्याचा सांगाडा उभा राहतो. चांदी फार झाली तर सांगाडाच ढासळून भुकटी होते, आणि भुकटी ओतताना थोडी वाहून जाते. कमी पडली तर आत अडकलेली चांदी सोने म्हणून तोलली जाते आणि कस चढतो. त्या नायट्रिकमध्ये क्लोराइडचा अंशही चालत नाही. क्लोराइड आले की एकीकडे दुधी साका बसतो आणि दुसरीकडे राजाचे पाणी तयार होऊन सोनेच थोडे विरघळते. म्हणून प्रत्येक घाण्यात शुद्ध सोन्याचा एक नमुना शेजारी चालवतात. म्हणजे इथेही शेजारची रेघ सुटत नाहीच.

आता नाव. हाडांच्या राखेच्या या मुशीला चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत 'टेस्ट' म्हणत. लॅटिन 'टेस्टम' म्हणजे मातीचे भांडे, तिथून जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. धातू 'टेस्ट'मध्ये घालणे म्हणजे मुशीत घालणे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मूस मागे पडली आणि 'टेस्ट'चा अर्थ नुसता परीक्षा असा झाला. शाळेची टेस्ट, रक्ताची टेस्ट, गाडीची टेस्ट ड्राइव्ह, सगळ्यांच्या तळाशी तेच राखेचे भांडे. 'ॲसिड टेस्ट' या जोडशब्दात तर दोन्ही भाग एकाच कारखान्यातले निघाले: ॲसिड दगडावरचे, टेस्ट भट्टीतली.

इंग्रजांच्या क्रिकेटमधल्या 'टेस्ट'ला मराठीने 'कसोटी' म्हटले. म्हणजे त्यांच्या मुशीला आपण आपला दगड दिला. हे भाषांतर करणाऱ्याच्या डोक्यात लॅटिन भांडे असेल असे वाटत नाही, पण जोडी जमली आहे ती फार नेमकी.

कस, कसोटी, निकष

संस्कृतात 'कष्' म्हणजे घासणे. त्यावरून 'कषपट्टिका', घासण्याची पाटी, आणि तिचे घासून गुळगुळीत झालेले रूप म्हणजे 'कसोटी'. 'निकष'ही त्याच धातूचा आणि त्याच दगडाचा. आज सरकारी जीआरमध्ये 'पात्रतेचे निकष' वाचताना कोणाला दगड दिसत नाही, पण तो तिथे आहे. 'कसाला लागणे', 'कसोटीला उतरणे', 'कसदार' आणि 'हिणकस' ही सगळी त्याच घराण्यातली माणसे. बावन्न कसांना उतरलेले ते 'बावनकशी'. यांत कुठेही ॲसिड नाही, कारण आपल्याकडचा जुना कस कोरडाच होता: घासा, शेजारी ओळखीची रेघ काढा, रंग जुळवा.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हे काम तपशिलाने आले आहे. शुद्धतेच्या सोळा पायऱ्या, प्रत्येक पायरीची नमुन्याची रेघ. फसवणुकीचे प्रकारही दिले आहेत, त्यातला एक मोठा बेरकी: परीक्षकाने नखाआड गेरूची पूड लपवायची आणि घासताना ती रेघेवर सांडायची, म्हणजे रंग बदलतो. अकबराच्या काळात अबुल फजलने आईन-ए-अकबरीत 'बनवारी' नावाची अशीच सळयांची पद्धत नोंदवली आहे, तिथे शुद्ध सोने 'बारहबानी', बारा पायऱ्यांचे. कौटिल्याचे सोळा, मोगलांचे बारा, युरोपचे चोवीस. चोवीसचा उगम रोमन आहे: कॉन्स्टन्टाइनचे सोन्याचे नाणे सॉलिडस, त्याचे वजन चोवीस कॅरोब-बियांइतके धरले जाई, आणि 'कॅरेट' हा शब्द त्या बीच्या ग्रीक नावावरून अरबीमार्गे आला. आपली गुंजही बीच. आठ गुंजांचा मासा, बारा मास्यांचा तोळा.

इंग्रजीतही दगडाचा स्वतंत्र शब्द आहे: 'टचस्टोन'. लाक्षणिक अर्थाने तो ज्याच्याशी तुलना करून किंमत ठरवावी त्या नमुन्याला वापरतात, आणि म्हणून तो 'निकष'च्या सर्वांत जवळ जातो. हिणकसाचेही एक नाव सोन्याच्या बाजारातून आले. क्रिस्टोफर पिंचबेक हा अठराव्या शतकाच्या आरंभीचा लंडनचा घड्याळजी. त्याने तांबे आणि जस्त यांचे सोन्यासारखे दिसणारे मिश्रण काढले. 'पिंचबेक' हे विशेषण पुढे नकली, दिखाऊ अशा अर्थाने इंग्रजीत राहिले. बिचाऱ्याने ते सोने म्हणून विकले नव्हते, हेही सांगायला हवे.

बँकेत आणि व्हाइट हाउसमध्ये

कॅलिफोर्नियात जानेवारी १८४८ मध्ये सोने सापडले तेव्हा ज्याच्या गिरणीपाशी ते सापडले त्या जॉन सटरने आपल्याकडच्या औषधांच्या साठ्यातले नायट्रिक ॲसिड घालून ते कण तपासले होते. त्या सोन्याच्या धावपळीतूनच हा शब्दप्रयोग निघाला असे ठोकून सांगितले जाते. ॲसिडने सोने पाहणे त्याआधीही शतकानुशतके चालू होते, तेव्हा एका खाणीवर सगळे श्रेय टाकायचे कारण नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात हा प्रयोग बोलण्यात फिरत होता, एवढे पुरे.

जगभर तो पसरला तो एका भाषणाने. ८ जानेवारी १९१८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी काँग्रेससमोर महायुद्धानंतरच्या शांततेची चौदा कलमे मांडली. सहावे कलम रशियाबद्दल होते, आणि त्यात त्यांनी म्हटले की येत्या महिन्यांत इतर राष्ट्रे रशियाला कसे वागवतात ती त्यांच्या सदिच्छेची 'ॲसिड टेस्ट' ठरेल. मूळ कामाशी हा वापर बराच प्रामाणिक आहे: वर सदिच्छेचा मुलामा आहे, तो खरवडून खाली काय आहे ते पाहू. त्यानंतर वर्तमानपत्रांनी तो इतका वापरला की त्याची धार गेली.

हिशेबनिसांनी मात्र त्याला नेमके काम दिले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना 'ॲसिड टेस्ट गुणोत्तर' किंवा 'त्वरित गुणोत्तर' परिचयाचे असते: चालू मालमत्तेतून मालाचा साठा आणि आगाऊ भरलेला खर्च वजा करायचा आणि उरलेल्याला चालू देण्यांनी भागायचे. एका दुकानाची चालू मालमत्ता ५० लाख धरा. त्यात साठा ३० लाख, आगाऊ भाडे-विमा २ लाख, गिऱ्हाइकांकडून येणे १२ लाख, रोख आणि बँकेत ६ लाख. चालू देणी २० लाख. चालू गुणोत्तर, म्हणजे चालू मालमत्ता भागिले चालू देणी, २.५ येते. बँककर्जाचे निकष घालून देणाऱ्या टंडन समितीपासून आपल्या बँका १.३३ला समाधानी असतात, त्यामुळे कागदावर हे दुकान धडधाकट. साठा आणि आगाऊ खर्च काढला की १८ भागिले २०, म्हणजे ०.९. एकाच्या खाली. उद्या सगळे घेणेकरी दारात उभे राहिले तर माल विकल्याशिवाय भागणार नाही.

याही परीक्षेला मुलाम्याचा धोका आहेच. येण्यातले ५ लाख वर्षभर थकलेले असतील तर ते सूत्र त्यांना ताजे समजते. खरा आकडा १३ भागिले २०, ०.६५. म्हणून येण्यांची वयानुसार यादी पाहिल्याशिवाय हे गुणोत्तर काढणे म्हणजे कानस न वापरता कस काढणे. आणि एक विनोद: हेच सूत्र सराफाच्या पेढीला लावले तर ते त्याचा साठा वजा करते, म्हणजे सोनेच. जे सोने संध्याकाळपर्यंत रोकड होऊ शकते, ते सोन्याच्याच परीक्षेने अडगळ ठरवलेले.

१९६५-६६ मध्ये कॅलिफोर्नियात कादंबरीकार केन केसी आणि त्याच्या मंडळींनी एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या अमली पदार्थाच्या मैफलींना 'ॲसिड टेस्ट' नाव दिले, तो निव्वळ शब्दखेळ. त्यातले 'ॲसिड' लायसर्जिक ॲसिडच्या नावातून घसरत आले आहे. एलएसडी स्वतः ॲसिड नसून अमाइड आहे.

लिटमस वेगळे

मराठी वृत्तपत्रांत 'ॲसिड टेस्ट' आणि 'लिटमस टेस्ट' अदलून-बदलून लिहितात. या दोन्ही परीक्षांचा एकमेकींशी संबंध नाही. लिटमस हा दगडफुलाच्या जातीच्या लायकेनांपासून काढलेला रंग. नॉर्स भाषेत मूळ शब्दाचा अर्थ 'रंगाचे शेवाळ' असा होतो. पीएच ४.५च्या खाली तो लाल, ८.३च्या वर निळा, मध्ये जांभळा. आम्ल आहे की अल्कली, एवढेच तो सांगतो. किती तीव्र, ते नाही. लिंबू आणि गाडीच्या बॅटरीतले ॲसिड, दोन्ही त्याला सारखेच लाल करतात.

म्हणून अमेरिकी राजकारणात 'लिटमस टेस्ट' नेमक्या अर्थाने वापरतात: एकच प्रश्न, ज्याच्या उत्तरावरून माणूस कुठल्या बाजूचा ते ठरते. न्यायाधीशाच्या नेमणुकीच्या वेळी गर्भपाताबद्दलचे मत हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पक्षाच्या व्हिपला कोण जुमानतो ती लिटमस टेस्ट होऊ शकते. आघाडी दुष्काळाच्या वर्षात टिकते का, ती नव्हे. तिथे खरवडणे आहे, ताण आहे, दुसऱ्या कोणाच्या शेजारी ठेवून पाहणे आहे. तिथे ॲसिड टेस्ट लिहावे, आणि 'कसोटी' लिहिले तर आणखी चांगले. उमेदवार चांगला की फार चांगला हे ठरवायचे असेल तर मात्र दोन्ही निरुपयोगी.

खऱ्या ॲसिडाच्या बाटल्या ऑनलाइन मिळतात, म्हणून थोडे व्यवहाराचे. २०१३ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ॲसिडची किरकोळ विक्री ओळखपत्र आणि नोंदवहीशिवाय करता येत नाही, आणि अठरा वर्षांखालच्यांना मुळीच नाही. घरात स्वयंपाकघराच्या ओट्यावर हा प्रयोग करू नये. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी ही किमान तयारी. सांडलेच तर भरपूर पाणी आणि खाण्याचा सोडा. पातळ करायचे झाल्यास पाण्यात ॲसिड, कधीही ॲसिडात पाणी नाही. दुकानातले एक्स-रे यंत्र दागिना न घासता आकडा देते, पण तेही वरचा काही मायक्रॉनचाच थर वाचते, तेव्हा जाड मुलाम्यापुढे त्याची गत कसाच्या दगडासारखीच. दागिना नवा घ्यायचा असेल तर १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कचा दागिना एचयूआयडी या सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांकाशिवाय विकता येत नाही, आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कस, दागिन्याचा प्रकार आणि तपासणी केंद्र दिसते. क्रमांक अंगठी दाखवतो आणि हातात बांगडी असेल, तर तिथे ॲसिडाची गरजच नाही.